कऱ्हाकाठची गवार

मोरगाव म्हटले की मयूरेश्वर आठवतो. कऱ्हा नदीकाठच्या जिरायतीकडे सहसा कुणी पाहत नाही. 1885 च्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या दक्षिण पट्ट्यात ऊस रुजवला. मोरगाव-सुपे भाग मात्र पावसाच्या भरवशावर राहिला. अशा मातीला गवार मानवते. तिचे सोटमूळ खोल जाते आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात.

ही शेंग अस्सल इथली वाटते. पण तिचा रानटी पूर्वज भारतात सापडलेला नाही. जवळची रानटी जात आफ्रिकेत आहे. अरबी व्यापाऱ्यांनी घोड्यांच्या वैरणीतून ही रानटी जात आणली आणि पिकाला माणसाळवले ते इथल्या शेतकऱ्यांनी, असा तर्क संशोधक थिओडोर हायमोविट्झ यांनी 1972 मध्ये मांडला. तो पटण्याजोगा आहे.

पुढे निवड लांब, कोवळ्या शेंगेकडे झुकली. 'पुसा मौसमी' आणि 'पुसा सदाबहार' या वाणांच्या संकरातून 'पुसा नवबहार' आला: सरळ, बिनफांद्यांचा, भरघोस. गावरान गवार फांद्यांची, लवदार, आखूड शेंगांची. तरीही चवीमुळे बाजारात तिला मान आहे.

उद्याचे वाण गावरान गवारीच्या विविधतेतूनच घडतील. म्हणून ज्यांच्याकडे गावरान बी आहे, त्यांनी चार झाडे बियाण्यासाठी राखावीत.