खासगी बेटावरचा एक दिवस आणि कंपन्यांची चारशे वर्षं

यवतमाळात बसून समुद्रातल्या बेटाविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. पण विषय आता तितका लांबचा राहिलेला नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, कुठल्याही गावात विचारा, कोणाचा ना कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे. आई-वडील तिकडे गेले की मुलगा-सून त्यांना एकदा तरी फ्लोरिडाहून क्रूझवर नेतात. मग आपल्या मोबाईलवर फोटो येतात. आजोबा हाफपँटमध्ये, आजी पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात घोट्यापर्यंत, नातवंडं वाळूत. खाली ओळ असते, ‘जहाज कंपनीच्या खासगी बेटावर’.

आज मला या ‘खासगी बेट’ शब्दावर बोलायचं आहे. बेट खासगी होतं म्हणजे काय होतं?

आधी तो दिवस कसा असतो ते पाहू. रात्रभर चाललेलं जहाज सकाळी बेटाला लागतं. खिशात पैसे लागत नाहीत, जहाजाचं कार्डच चालतं. वाळू झाडून ठेवलेली, खुर्च्या ओळीत, छत्र्या उघडलेल्या. दुपारचं जेवण तिकिटातच. फेरीवाला नाही, भिकारी नाही, भटकं कुत्रं नाही, रस्ता चुकण्याची भीती नाही. ज्यांच्याबरोबर सत्तरीचे आई-वडील आणि चार वर्षांचं लेकरू आहे, त्यांना हे किती मोलाचं वाटत असेल ते मी समजू शकतो. संध्याकाळी भोंगा व्हायच्या आत सगळे परत जहाजावर. बेटावर कोण राहतं, हा प्रश्न दिवसभरात कुणाला पडत नाही. तो पडू नये अशीच सगळी व्यवस्था असते.

ही व्यवस्था फार जुनी नाही. बहामा देशातलं ग्रेट स्टिरप के हे बेट नॉर्वेजियन कंपनीने १९७७ साली घेतलं, तिथून हा प्रकार सुरू झाला. शेजारचं लिटल स्टिरप के रॉयल कॅरिबियनकडे आलं, त्याचं नाव कोकोके झालं आणि २०१९मध्ये तिथे सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून धक्का, घसरगुंड्या, तलाव उभे राहिले. डिस्नेने गोर्डा के हे बेट ९९ वर्षांच्या कराराने घेतलं, १९९८पासून तिथे जहाजं लागतात. त्याआधी तिथल्या धावपट्टीवर अमली पदार्थांची विमानं उतरत. आज त्याच धावपट्टीवर मुलं सायकल चालवतात.

कंपन्यांना बेट कशाला हवं? एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा असा की परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परत तिथेच आणायचे असतील तर वाटेत परदेशी बंदर लागलं पाहिजे. बहुतेक क्रूझ जहाजं बहामा, पनामा यांसारख्या देशांच्या झेंड्याखाली नोंदलेली. बहामाचं बेट मायामीहून एका रात्रीच्या अंतरावर, शिवाय ते परदेश. कायदाही पाळला गेला, इंधनही वाचलं. दुसरं कारण आपल्या कुठल्याही दुकानदाराला कळेल. बंदराच्या गावात प्रवासी उतरला तर त्याचे पैसे टॅक्सीवाल्याला, हॉटेलवाल्याला, टोपी विकणाऱ्याला जातात. स्वतःच्या बेटावर ते घरातच राहतात.

पण ही बेटं रिकामी कशी होती? जाहिरातीत ‘अस्पर्श’, ‘निर्मनुष्य’ असे शब्द येतात. इतिहासाला ते मान्य नाहीत. १२ ऑक्टोबर १४९२ला कोलंबस उतरला तो याच बहामातल्या एका बेटावर, आणि तिथे माणसं होती. लुकायन त्यांचं नाव, ताइनो समाजाची ती शाखा. स्पॅनिश लोकांनी त्यांना धरून हिस्पानिओलाच्या खाणींत आणि पुढे मोत्यांसाठी पाण्यात बुड्या मारायला नेलं. पुरती तीस वर्षंही लागली नाहीत, बहामा ओस पडला. म्हणजे तो रिकामेपणा निसर्गाने दिलेला नाही, केलेला आहे. गंमत अशी, किंवा गंमत म्हणू नये, की आज त्या किनाऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीला हॅमॉक म्हणतात, जेवणाला बार्बेक्यू असतं, पाण्यात फिरवायला कनू. हे तिन्ही शब्द ताइनोंच्या भाषेतले. माणसं गेली, शब्द सुट्टीवर आले.

जिथे माणसं उरली तिथे कुंपण घालावं लागलं. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचं लाबादी. ते बेट नव्हेच, मुख्य भूमीचा तुकडा आहे. रॉयल कॅरिबियनने ते १९८६च्या सुमारास भाड्याने घेतलं. भोवती कुंपण, पहारा. निवडक स्थानिकांना आत काम करायला, वस्तू विकायला परवानगी, बाकीचे बाहेर. गुलामांनी बंड करून १८०४मध्ये स्वतंत्र केलेला हा देश, आणि त्याच्या एका किनाऱ्यावर त्याच्याच नागरिकाला परवानगी लागते! १२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला, लाखांवर माणसं गेली. तिसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, लाबादीला जहाज लागलं. जगभर टीका झाली. कंपनीचं म्हणणं, जहाजातून आम्ही मदतीचं धान्यही आणलं, आणि हैती सरकारलाही जहाजं यायला हवी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही काही प्रवाशांना त्या दिवशी वाळूवर उतरून जेवण घशाखाली उतरेना आणि ते जहाजातच थांबले. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी कुंपण दिसलं.

आता मी थोडा मागे जातो, तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती खोडच असते. १६०९ साली ह्यूगो ग्रोशिअस या डच विद्वानाने समुद्र कुणाच्याही मालकीचा असू शकत नाही असं सांगणारं पुस्तक छापलं. हवा जशी सर्वांची तसा समुद्र सर्वांचा. फार उदात्त विचार. पण ते लेखन मुळात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने, पोर्तुगिजांचं जहाज तिने पकडलं होतं त्याचं समर्थन म्हणून सुरू झालं. समुद्र मोकळा पाहिजे, कारण आमची जहाजं जाऊ द्या. आणि बेटं? त्याच कंपनीने १६२१मध्ये जायफळासाठी बांदा बेटं ताब्यात घेतली तेव्हा तिथले बहुतेक रहिवासी मारले, हाकलले किंवा गुलाम केले. समुद्र सर्वांचा, बेट कंपनीचं. हे सूत्र तेव्हापासूनचं आहे.

आपल्याकडे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबई. पोर्तुगिजांकडून लग्नाच्या करारात मिळालेली ही बेटं इंग्लंडच्या राजाने २७ मार्च १६६८ला ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडं किती? वर्षाला दहा पौंड, सोन्यात. जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीला बेटं भाड्याने, लांबच्या सरकारशी झालेला करार, आणि बेटावर आधीपासून असलेल्या कोळी, भंडारी, आगरी लोकांना विचारायचं काही कारणच नाही. पुढे गव्हर्नर आँजिअरने रहिवाशांशी जमिनीचा करार केला, त्यात लोकांनी कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे ठरले. राजाला दहा पौंड देणारी कंपनी बेटावरच्या लोकांकडून काय घेत होती ते पाहा. शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट बांधायला घेतलं, तेव्हा कंपनीचं पित्त खवळलं ते याचसाठी. बेट म्हणजे काय, हे महाराजांना नेमकं कळलं होतं.

यवतमाळकरांना खासगी मालकीचं मी काय सांगावं! आपली शकुंतला कुणाची होती? देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी यवतमाळ-मुर्तिजापूरच्या रुळांची मालकी कंपनीकडे राहिली. गाडी रेल्वेने चालवायची, मोबदला कंपनीने घ्यायचा. कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला घातलेले रूळ ते. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. शकुंतला खासगी असली तरी लाडखेडच्या म्हातारीला तिकीट काढून तीत बसता येत होतं. मालकी कंपनीची, वापर गावाचा. खासगी बेटावर नेमका वापरच काढून घेतलेला असतो.

याच्या उलट दिवस पाहायचा तर घारापुरीला जा. गेटवेहून लाँचने तासाभरात. तिथेही कुटुंबं सहलीला जातात, तिथेही संध्याकाळच्या लाँचने परत यायचं असतं. पण पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना गावातल्या बायका काकड्या, कैऱ्या, बोरं घेऊन बसलेल्या. माकडं हातातलं ओढतात. भाव करावा लागतो. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावं तिथे आहेत, हे पर्यटकाला न बघून चालत नाही. लेणी १९८७मध्ये जागतिक वारसा झाली, मात्र गावांत कायमची वीज आली २०१८मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. म्हणजे सार्वजनिक बेटावर सगळं छान असतं असं मी मुळीच म्हणत नाही. उशीर तिथेही आहे, कचरा तर फारच. पण तिथली अडचण निदान दिसते, आणि दिसते म्हणून तिच्याविषयी भांडता येतं.

आणि हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस नावाचं जहाज गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. मराठी कुटुंबं त्यातून जातात. हे जहाज मुळात १९९०मध्ये नॉर्डिक एम्प्रेस नावाने बांधलेलं, मायामीहून बहामाच्या छोट्या सफरींसाठी. कोकोकेला माणसं उतरवणारं तेच जहाज, रंग बदलून, आता अरबी समुद्रात. लक्षद्वीपचं सगळं क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, दहा बेटांवर वस्ती, २०११च्या जनगणनेत ६४ हजारांच्या आसपास लोक. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. बाहेरच्याला परवान्याशिवाय जाता येत नाही. २०२१मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमांचा मसुदा आला, जमीन घेण्याचे मोठे अधिकार त्यात होते, तेव्हा तिथले लोक काळे झेंडे लावून घरादारांसमोर उपाशी बसले होते. आपण त्या बातम्या वाचल्या आणि पान उलटलं.

आज तरी तिथे मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं. प्रवासी लहान होडीत उतरतात, आणि होडीवर हात देणारा माणूस त्याच बेटाचा असतो, त्याचं घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर असतं. त्या होडीच्या जागी धक्का आला, धक्क्यामागे फाटक आलं, तर तो माणूस फाटकाच्या कुठल्या बाजूला असेल, हे करारात लिहिलं जाईल. असे करार तिथल्या लोकांच्या नजरेला आधी पडतात की नंतर, त्यावर बरंच अवलंबून आहे.

वेळ संपत आली. आपल्यापैकी ज्यांनी तो दिवस घालवला आहे, अशा दोघा-तिघांचे हात मघाशी वर आले होते. त्यांनी आता सांगावं, तिथे तुम्हाला कोण कोण भेटलं, आणि ते रात्री कुठे जात होते.