औद्योगिक रोबोटवरील दूरस्थ देखरेख : दुरून पाहावे, हलवावे मात्र जागेवरूनच

कारखान्यातील रोबोटची स्थिती त्याच्याजवळ न जाता, नेटवर्कवरून येणाऱ्या नोंदींच्या आधारे सतत तपासत राहणे, याला दूरस्थ देखरेख म्हणतात. रोबोट बंद पडल्यावर दुरुस्ती करण्याऐवजी तो बंद पडण्याआधीच दोष ओळखणे, हा तिचा मुख्य उद्देश होय.

मोटारगाड्यांच्या सांगाड्याचे वेल्डिंग करणाऱ्या रोबोटला सहसा सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात सर्वो मोटार, वेग घटवून बळ वाढवणारा गिअर आणि स्थिती मोजणारा एन्कोडर असतो. गिअर झिजू लागला की तीच हालचाल करण्यासाठी मोटारीला अधिक विद्युतप्रवाह लागू शकतो. नियंत्रकाकडून येणाऱ्या प्रवाह, तापमान व कंपनांच्या नोंदींची आधीच्या नोंदींशी तुलना केली असता हा बदल लक्षात येतो. एन्कोडरची स्थिती जपणारी बॅटरी संपत आल्याची सूचनाही याच मार्गाने मिळते. ती सूचना दुर्लक्षित राहिल्यास सांध्यांची मूळ स्थिती नव्याने निश्चित करावी लागते आणि तेवढा वेळ काम थांबते.

जगातील पहिला औद्योगिक रोबोट ‘युनिमेट’ १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. याच कंपनीने २०१७ पर्यंत आपल्या सुमारे ३० हजार रोबोटपैकी एक चतुर्थांश रोबोट इंटरनेटशी जोडले होते. त्यामुळे दोन वर्षांत सुमारे १०० संभाव्य बिघाड टळल्याचे कंपनीने सांगितले. असा एक बिघाड आठ तासांपर्यंत उत्पादन थांबवू शकतो.

भारतात चाकण, साणंद, मानेसर, श्रीपेरुंबुदूर अशा वाहन उद्योगाच्या केंद्रांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेल्डिंगच्या साखळीत एक रोबोट थांबला, तर पुढची सारी कामे खोळंबतात. दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाला नोंदी आधीच पाहता आल्या, तर कोणता सुटा भाग लागेल हे प्रवासापूर्वीच ठरवता येते. प्रत्यक्ष भाग बदलण्याचे काम मात्र जागेवरील तंत्रज्ञालाच करावे लागते.

जोडणीबरोबर धोकाही येतो. मिलान येथील पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि ट्रेंड मायक्रो या कंपनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रयोगशाळेत एका औद्योगिक रोबोटच्या नियंत्रकात शिरकाव करून दाखवला. नियंत्रणाची परिमाणे बदलल्यावर रोबोटचा हात ठरलेल्या रेषेपासून किंचित ढळला. अशा सूक्ष्म फरकानेही तयार माल सदोष ठरू शकतो. भारतात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक असून, त्या घटनांच्या यादीत रोबोटिक्सशी संबंधित प्रणालींवरील हल्ल्यांचाही समावेश आहे.

सर्वांत मोठा प्रश्न माणसाच्या सुरक्षिततेचा आहे. दूरच्या कार्यालयातील व्यक्तीला रोबोटच्या कुंपणाआड कोण उभे आहे, हे दिसेलच असे नाही. म्हणूनच ‘आयएसओ १०२१८’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, तंत्रज्ञाने हातातील टीच पेंडंटवर रोबोटचा ताबा घेतल्यावर अन्य कोठूनही त्याची हालचाल सुरू होता कामा नये. कमी वेगाच्या हस्तचालित स्थितीत वेगाची मर्यादा सेकंदाला २५० मिलिमीटर आहे. नोंदी कितीही दूरवर पोहोचोत, हालचालीची अंतिम आज्ञा यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती राहावी, हे या नियमांमागील तत्त्व आहे.