खाटेशेजारचा माणूस

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करानं कल्याणच्या पलीकडे सैनिकांसाठी एक तात्पुरती छावणी उभारली. दोन हजारांवर बराकी आणि त्यांचे पाच कॅम्प. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांना सरकारनं त्याच बराकींत वसवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. सैनिकांच्या छावणीचं कुटुंबांच्या शहरात झालेलं हे रूपांतर अनेक अंगांनी अभ्यासलं जातं, पण आजारपणाच्या अंगानं त्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. लष्करात आजारी जवानाची शुश्रूषा ही फौजेची जबाबदारी असते. त्याला पाणी पाजायला, कुशीवर वळवायला गावाहून आई येईल असं तिथे कुणी धरून चालत नाही. नागरी रुग्णालयात मात्र नेमकं तेच धरून चाललं जातं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: गंभीर आजाऱ्याच्या शुश्रूषेचा मोठा वाटा घरच्या माणसानं उचलला, आणि कारखाना, विमा, रुग्णालय, कायदा यांपैकी कुणीही त्या माणसाची नोंद केली नाही. ज्यांनी केली ते बहुतेक आरोग्यव्यवस्थेच्या बाहेरचे होते.

आजाऱ्याजवळ घरचं माणूस असेलच, हे नागरी रुग्णालयाचं गृहीतक या पट्ट्यात विशेष कमकुवत होतं, कारण ज्या कुटुंबाच्या भरवशावर ते उभं होतं ते कुटुंबच इथे अखंड नव्हतं. सिंधी कुटुंबं फाळणीत विखुरली. एक भाऊ उल्हासनगरच्या कॅम्पात, दुसरा पिंपरीला, तिसरा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत, अशी पांगापांग झाली. शेजारच्या अंबरनाथमध्ये १९२०च्या दशकात विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, १९५३ मध्ये आयुध निर्माणी आली, शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली, पुढे एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांची रांग लागली. या कारखान्यांत राबणारे हात कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, उत्तरेतून आले. आईवडील गावी, बायको कधी इथे तर कधी तिथे. बदलापूर तर अगदी अलीकडे फुगलं. मुंबईत घर न परवडणारी चाकरमानी जोडपी इथे आली आणि २०११च्या जनगणनेपर्यंत गावाची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दोघंही पहाटेची लोकल गाठणारी. अशा घरात एखाद्याला पक्षाघात झाला किंवा कर्करोग निघाला, तर त्याच्याजवळ बसायचं कुणी, हा प्रश्न माया किती आहे यावर सुटत नाही. घरात माणसं किती आहेत आणि त्यांतली कमावणारी किती, यावर तो सुटतो किंवा अडकतो.

कामगारांसाठी झालेला सर्वांत मोठा कायदा या प्रश्नाजवळून गेला, पण त्याला शिवला नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये सुरू झाली. मूळ कायद्यात पाच लाभ होते: आजारपणातला भत्ता, प्रसूतीचा लाभ, अपंगत्वाचा लाभ, कामावरच्या अपघातात मृत्यू आला तर अवलंबितांना मिळणारा लाभ आणि वैद्यकीय उपचार. अंत्यसंस्काराचा खर्च नंतरच्या दुरुस्तीत आला. आज आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो आणि ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दरानं तो दोन वर्षांपर्यंत लांबवता येतो. हे काम लहान नाही. या भत्त्यानं असंख्य घरांची चूल पेटती ठेवली आहे. तरीही या कायद्यात कुटुंब कुठे दिसतं ते पाहावं. कुटुंबातलं माणूस आजारी पडलं तर ते रुग्ण म्हणून दिसतं, आणि कामगार गेला तर मागे उरलेले अवलंबित म्हणून. या दोहोंच्या मधले जे महिने असतात, त्या महिन्यांत काम सोडून खाटेशेजारी बसलेला माणूस कोणत्याच कलमात सापडत नाही. आजारी कामगाराची मजुरी अंशतः भरून निघते, पण त्याच्यासाठी घरी थांबलेल्या बायकोची, बहिणीची, मुलाची बुडालेली मजुरी बुडतेच. केंद्र सरकारच्या नोकरीत २००८ पासून स्त्रियांना ७३० दिवसांपर्यंतची बालसंगोपन रजा मिळू लागली आणि ती मुलाच्या आजारपणातही घेता येते. पण नवऱ्यासाठी, सासूसाठी, बापासाठी तशी रजा नाही.

घरच्या माणसाची अशी नोंदच न होण्याचं मूळ परिचर्येच्या व्यवसायाच्या घडणीत आहे. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केलं. गिदुमल सिंधचे. त्यांच्याच प्रांतातली माणसं चाळीस वर्षांनी कल्याणच्या बराकींत येऊन राहायची होती. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचं काम उभं केलं आणि ससून रुग्णालयाच्या साथीनं मराठी घरांतल्या स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. परक्याच्या अंगाला हात लावणं, मलमूत्र काढणं हे हलकं काम मानणाऱ्या समाजात ही मोठी झेप होती. घरातल्या बाईनं बिनमोल करायची सेवा आता शिक्षण, पगार आणि प्रतिष्ठा असलेला व्यवसाय झाली. पण व्यवसायाला लागणारं संख्याबळ कधीच आलं नाही. १९४६च्या भोर समितीच्या हिशेबानं देशात सुमारे ४३ हजार माणसांमागे एक परिचारिका होती. नंतर इंडियन नर्सिंग कौन्सिलनं प्रमाण ठरवलं, साधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकट्या सिस्टरला किती खाटा सांभाळाव्या लागतात, हे ज्यांनी वॉर्ड पाहिलाय त्यांना सांगायला नको. परिणाम असा झाला, की कौशल्य व्यवसायाकडे गेलं आणि कष्ट घरच्या माणसाकडेच राहिले. पूर्वी घरातल्या म्हातारीला शेकायचं कसं, पाजायचं कसं, याचं ज्ञान तरी होतं. आता ज्ञान गणवेशात गेलं आणि घरच्या माणसाच्या वाट्याला नुसती मेहनत आली.

त्या मेहनतीत काय काय येतं, हे नीट पाहायला हवं, कारण ‘नातेवाईक थांबलेत’ एवढ्या दोन शब्दांत ते दडून जातं. सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारायची. तापाच्या रुग्णाचं अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, वॉर्डातले मामा किंवा मावशी हाताशी नसतील तर स्वतःच रिकामं करायचं. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचा, रिपोर्ट आणायचा, चिठ्ठीवरचं औषध बाहेरून आणायचं, केसपेपर सांभाळायचा. स्ट्रेचर ढकलत एक्स-रेला न्यायचं. राऊंडच्या वेळी हजर राहून डॉक्टर घाईत काय बोलले ते लक्षात ठेवायचं आणि संध्याकाळी घरच्या चौघांना समजावून सांगायचं. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देताना डोकं उंच नसेल तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. हे काम चुकलं तर जीव जातो, आणि ते शिकवण्याची जागा बहुधा डिस्चार्जच्या दिवशीची पाच मिनिटं असते. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय इथून आजार वाढला की रुग्ण कळव्याला, सायनला, केईएमला किंवा परळच्या टाटाला जातो. मग या कामात रोजचा लोकलचा प्रवास, घरून नेलेला डबा आणि जिन्याखाली काढलेली रात्र यांची भर पडते. ज्यांना परवडतं ते ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवतात. बाकीच्यांची नोकरी सुटते, मुलीची शाळा सुटते.

हा माणूस प्रथम दिसला तो गाडगेबाबांना. १९५४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत कामगार विमा सुरू झाला त्याच वर्षी, त्यांनी जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा बांधली. जे. जे. रुग्णालय १८४५चं. शंभराहून अधिक वर्षं तिथे गावोगावचे रुग्ण येत होते आणि त्यांच्यासोबतची माणसं आवारात, फुटपाथवर झोपत होती. वारकऱ्याला मुक्कामाला जागा लागते हे ज्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथल्या धर्मशाळांतून जाणलं होतं, त्यांनाच हे कळावं यात आश्चर्य नाही. त्यांनी रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला यात्रेकरूइतकाच हक्काचा पाहुणा मानलं. पुढे त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आधार झाली. परळची नाना पालकर स्मृती समिती त्याच कामात उतरली. सरकारी यंत्रणेत या माणसाची स्पष्ट नोंद घेणारं खातं म्हणून मला रेल्वेचं नाव घ्यावंसं वाटतं. कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या भाड्याला तिनं सवलत दिली, तेव्हा त्याच्यासोबतच्या एका माणसालाही दिली. आजारी माणूस एकटा प्रवास करत नाही, हे तिच्या नियमात लिहिलेलं आहे. राज्याच्या आरोग्य योजनेत, म्हणजे २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं चालणाऱ्या योजनेत, रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं भाडं धरलेलं आहे. कागदपत्रांत मदत करायला आरोग्यमित्रही आहे. पण सोबतच्या माणसाचं जेवण कुणाच्याच हिशेबात नाही.

आरोग्यसेवेच्या आतूनही काही जणांनी वेगळी वाट काढली आणि त्यांतल्या एका वाटेचा फाळणीशी जवळचा संबंध आहे. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले. तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी त्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांसोबत त्यांच्या घरच्यांना राहायला बोलावलं. घरच्यांना आजार समजला, रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही मानसिक आजारांच्या उपचारात कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत रुजवली. मराठी मुलखात १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक केंद्र आहे. तिथे घरचं माणूस रुग्णासोबत राहतं आणि शुश्रूषा शिकतं. केरळनं २००८ मध्ये उपशामक सेवेचं राज्य धोरण केलं आणि घरी जाणारी परिचारिका पंचायतीच्या कामात आली. या सगळ्यांत एक धागा समान आहे: घरच्या माणसाला शिकवणं आणि सांभाळणं हा तिथे परिचर्येचाच भाग मानला गेला.

घरच्या माणसाला असा आधार सगळीकडे मिळावा म्हटलं, की पहिला आक्षेप संस्कारांच्या बाजूनं येतो. आपल्याकडे आईबापांची सेवा हे कर्तव्य आहे, त्यात सरकारनं आणि पैशानं शिरू नये. कर्तव्य आहे हे खरंच. पण ते कोण करतं हे पाहिलं की बहुतेक वेळा सून, मुलगी, बायको दिसते, आणि कर्तव्याच्या नावाखाली तिची पाठ, झोप, कमाई जाते. जे. जे.च्या आवारात धर्मशाळा झाली म्हणून कुणाची सेवाबुद्धी आटली नाही. दुसरा आक्षेप डॉक्टर आणि परिचारिकांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. वॉर्डात गर्दी झाली की जंतुसंसर्ग पसरतो, कामात अडथळा येतो, कधी मारहाणही होते. महाराष्ट्रात २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर हल्ला झाल्यावर संप झाला आणि सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले, पासाची सक्ती कडक झाली. डॉक्टरांना संरक्षण हवंच, त्यात दुमत नाही. पण कायद्याच्या आणि बंदोबस्ताच्या चर्चेत नातेवाईक येतो तो फक्त धोका म्हणून. ज्याला काम सांगितलेलं नाही, माहिती दिलेली नाही, तीन रात्री झोपायला जागा दिलेली नाही, त्याची भीती रागात बदलायला वेळ लागत नाही. दहा जणांच्या गोंधळापेक्षा नाव नोंदवलेला, हात धुवायला शिकवलेला एक माणूस संसर्गालाही कमी वाट देतो आणि भांडणालाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यात एक खरा धोका आहे. घरच्यांना शिकवा म्हटलं की परिचारिकांची रिकामी पदं न भरण्याला निमित्त मिळू शकतं. म्हणून क्रम उलटा हवा. घरच्या माणसाला शिकवायला, त्याची चूक पकडायला, तो खचला तर त्याच्याशी बोलायला परिचारिकेलाच वेळ लागतो, आणि पन्नास खाटांमागे धावणाऱ्या सिस्टरकडे तो वेळ असत नाही. कुटुंबाला आधार द्या, ही परिचारिकांची भरती वाढवण्याचीच मागणी आहे. बाकीचा खर्च त्या मानानं किरकोळ आहे: वॉर्डाजवळ झोपायची खोली, स्वच्छतागृह, एक जेवण, भरती झाल्याच्या दिवसापासून सुरू होणारं शिक्षण, घरी गेल्यावर आठवड्यातून एकदा येणारी परिचारिका. कामगारांच्या बाबतीत तर चौकट तयारच आहे. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी जमतो, आजारपणाचा दाखला देणारे डॉक्टर आहेत, उल्हासनगरला विमा रुग्णालय आहे. गंभीर आजाऱ्याजवळ थांबणाऱ्या एका विमाधारक नातेवाइकाला मोजक्या दिवसांचा भत्ता द्यायचा, तर नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. १९४८चा कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला, तेव्हा ही दुरुस्ती करता आली असती. संहितेत लाभांची यादी नव्यानं लिहिली गेली: आजारपण, प्रसूती, अपंगत्व, अवलंबित, उपचार, अंत्यसंस्कार. यादी सहावरच थांबली.