स्पोकन ट्युटोरियल : मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंअध्ययन

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावातून शहरातील महाविद्यालयात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा संगणकाच्या प्रात्यक्षिकात उघड होते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला येथे सूचना इंग्रजीतून मिळतात. तास संपताच एसटी गाठायची असल्याने शंका तशाच राहतात. २०२० च्या टाळेबंदीत व्याख्याने पडद्यावर आली. परंतु ज्याला वर्गात प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, त्याला तासाभराचे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान अधिकच परके वाटते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने या अडचणीचा मुळापासून विचार केला आहे. जवळ शिक्षक नाही, हे गृहीत धरूनच पाठ लिहिले जातात. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्याच्या एका भागात पाठ, तर दुसऱ्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचे; निवेदक सांगेल ती कृती लगेच करायची, जमली नाही तर पाठ थांबवून मागे न्यायचा. पाठ नुसता ऐकून संपवण्याला येथे अर्थ नाही. हात चालला पाहिजे.

भाषेबाबतची योजना विशेष उल्लेखनीय आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत केवळ निवेदन भाषांतरित होते. पडद्यावरील शब्द इंग्रजीच राहतात. समज मातृभाषेतून यावी, मात्र नोकरीच्या ठिकाणी ‘फाइल’, ‘सेव्ह’ पाहून उमेदवार गोंधळू नये, हा त्यामागील हेतू. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, सी, पायथन अशा मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ विनामूल्य मिळतात आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी उतरवून वापरता येतात.

२००३ मध्ये सुरू झालेला ‘एनपीटीईएल’ आणि २०१७ मधील ‘स्वयम्’ यांचा आवाका मोठा असला, तरी त्यांचा भर मुख्यतः व्याख्यानांवर आहे; पाया कच्चा असलेल्याला ते जड जातात. उलट, निबंधलेखन किंवा गणिती सिद्धता दहा मिनिटांच्या पाठांत बसवणे अवघड, ही स्पोकन ट्युटोरियलची मर्यादा मान्य करावी लागेल.

दुसरी अडचण साधनांची. शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडण्यास मोबाइलचा पडदा अपुरा पडतो आणि घरी संगणक नसलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा तासांव्यतिरिक्त खुली ठेवणे, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक व हेडफोन देणे आणि शेवटच्या एसटीपूर्वी सरावाची वेळ बसवणे आवश्यक ठरते. तेथे विषयतज्ज्ञ नसला, तरी देखरेखीस एक व्यक्ती पुरेशी होते.