द्रवीय उच्चालक, टिपर मालमोटारीचा

मालमोटारीचा भरलेला हौदा पुढील बाजूने उचलून मागे कलता करणारी, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. कारागीर तिला नुसते ‘जॅक’ म्हणतात. एंजिनाची शक्ती दंतचक्रपेटीला जोडलेल्या शक्तिग्राहकामार्फत (पीटीओ) पंपाला मिळते. पंप तेल सिलिंडरात लोटतो, दट्ट्या बाहेर सरकतो व हौदा वर जातो. खाली येताना तो बहुधा स्वतःच्या वजनानेच येतो आणि तेल टाकीत परतते.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्काल यांचे तत्त्व त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाले. जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली द्रवीय दाबयंत्राचे एकस्व घेतले. खरी अडचण तत्त्वाची नव्हतीच, गळतीची होती. द्रवाच्या दाबानेच फुगून घट्ट बसणारे चामडी बूच या अडचणीवरचा उपाय ठरले. त्याचे श्रेय सामान्यतः हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते.

सुरुवातीच्या अनेक मालमोटारींचे हौदे हाताने दांडा फिरवून उचलावे लागत. कोळशाच्या गाडीवर असे कष्ट करणारा चालक पाहून अमेरिकेतील गारफील्ड वुड (१८८०–१९७१) यांना १९११ च्या सुमारास द्रवीय उच्चालकाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांनी डिट्रॉइट येथे काढलेल्या कारखान्यातून हे उच्चालक सर्वत्र गेले. याच धंद्याच्या पैशावर वुड यांनी शर्यतीच्या वेगनौका बांधल्या व १९३२ मध्ये पाण्यावर ताशी सु. २०१ किमी. वेग गाठला. आज त्यांचे नाव निघते ते नौकांमुळे. रस्ते व धरणे बांधणाऱ्यांवर मात्र त्यांच्या उच्चालकाचे उपकार अधिक आहेत. गोव्यातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींपासून नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत लोहखनिज वाहिले गेले, ते टिपर ट्रकांतूनच.

१५ सेंमी. व्यासाच्या सिलिंडरात दर चौ. सेंमी.ला १०० किग्रॅ. दाब दिल्यास सु. १७,७०० किग्रॅ. भाराएवढा जोर मिळतो. परंतु हौद्याखाली आडवा बसविलेला सिलिंडर उचलाच्या आरंभी अगदी तिरकस कोनातून रेटत असतो. म्हणून पहिल्या हातभर उचलालाच सर्वांत जास्त जोर लागतो. जुना पंप झिजला की हौदा तेथेच अडतो. अशा वेळी दाबमोचक झडपेची स्प्रिंग आवळून दाब वाढविण्याचा मोह होतो, पण त्यामुळे दोष न जाता सिलिंडर, नळ्या व सांगाडा यांवर ताण येतो. प्रथम तेलाची पातळी, गाळणी व शोषण-नळीचे जोड तपासावेत. तेलात फेस दिसल्यास हवा, ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. तेलाची पातळी हौदा पूर्ण खाली असतानाच पाहावी, अन्यथा सिलिंडरातील तेल परतल्यावर टाकी ओसंडते.

नील्स क्रिस्टेन्सेन यांना रबरी वलयाचे (ओ-रिंग) अमेरिकी एकस्व १९३९ मध्ये मिळाले व दुसऱ्या महायुद्धात त्याचा प्रसार झाला. त्यापूर्वीच्या उच्चालकांत बहुधा चामडी बुचे आढळतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ती वाळून आकसतात. चामडे तेलात मुरवून पुन्हा बसविता येते, परंतु तडे गेलेले बूच बदललेच पाहिजे. बदली म्हणून नायट्राइल रबर वापरल्यास खनिज तेलच घालावे, कारण ग्लायकॉलयुक्त ब्रेकतेलाने ते खराब होते. दट्ट्याच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे बूचही लवकर फाटते. दांडा घासून गुळगुळीत केल्याखेरीज नव्या बुचाचा खर्च व्यर्थ होय. बिजागऱ्यांच्या खिळ्यांना वंगण देण्याचे काम मात्र सोपे असूनही हमखास विसरले जाते.

उचललेल्या हौद्याखाली काम करताना चिरडून माणसे मेली आहेत. नळी फुटली किंवा कोणाचा हात तरफेला लागला, तर हौदा एकदम कोसळतो. तेलाच्या दाबावर उभा असलेला हौदा म्हणजे आधारावर उभा असलेला हौदा नव्हे. हौदा रिकामा करून, गाडी सपाट जमिनीवर लावून व सांगाड्यावर भक्कम पोलादी टेकू देऊनच आत शिरावे. जुन्या अनेक गाड्यांवर असा टेकू मुळात नसतो. तो करून घेतल्याने गाडीच्या ऐतिहासिक अस्सलपणास बाध येतो हा काही संग्राहकांचा आक्षेप मान्य करण्यासारखा नाही. टेकू सुटा ठेवता येतो व प्रदर्शनाच्या वेळी काढता येतो.