बीजगणितातील लग्नजुळणी

कॉलेजात इंटिग्रेशन शिकवणारे आपले सर फळ्यावरचे उदाहरण पाहताच म्हणत, "हे अमुक प्रकारातले." आकडेमोड नंतर. ही ओळख त्यांना कशी पटत असे? १९६० च्या दशकात अमेरिकेत एम.आय.टी.मधील काही संशोधकांना हेच संगणकाला शिकवायचे होते.

जेम्स स्लॅगल यांनी १९६१ मध्ये लिस्प भाषेत 'सेंट' हा प्रोग्रॅम लिहिला. त्याने ८६ पैकी ८४ उदाहरणे सोडवली. पण रीत नवशिक्या विद्यार्थ्याची होती : ही युक्ती करून पाहा, नाही जमली तर दुसरी. जोएल मोझेस यांनी १९६७ च्या प्रबंधात वेगळी वाट धरली. त्यांचा प्रोग्रॅम धडपड करण्याआधी उदाहरणाचे रूप ओळखू पाहत असे. त्याचे नाव 'सिन'. संतानंतर पाप, ही थट्टा उघड आहे!

रूप ओळखणाऱ्या भागाचे नाव तर आपल्याला फारच जवळचे वाटेल : 'शाद्खेन'. यिडिश भाषेत शाद्खेन म्हणजे लग्ने जुळवणारा मध्यस्थ. एका हातात नमुना, दुसऱ्या हातात उदाहरण. पत्रिका जुळते का ते पाहायचे.

समजा, नमुना अक्ष² + बक्ष + क असा आहे. अटी दोन : अ, ब, क यांत क्ष येता कामा नये आणि अ शून्य नसावा. समोर ५ + ३क्ष² आले. नुसती चिन्हे ताडणारा प्रोग्रॅम म्हणेल, क्रम उलटा आहे, मधले पदही नाही, नकार कळवा. शाद्खेनला मात्र ब = ० धरून स्थळ पसंत करता आले पाहिजे. क्ष² एकटा आला तर अ = १ हेही समजले पाहिजे. म्हणजे रंगरूप पाहून भागत नाही; बीजगणित यावे लागते.

खरी अडचण त्या 'शून्य नसावा' या अटीत आहे. अ च्या जागी साइन² य + कोसाइन² य − १ असेल तर? दिसायला भारदस्त, किंमत शून्य. मध्यस्थ फसला की पुढचे सूत्र शून्याने भागणार. डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले की, अशा राशींच्या एका विस्तृत वर्गासाठी राशी शून्य आहे की नाही हे दर वेळी ठरवणारी कृती असूच शकत नाही. तेव्हा कितीही हुशार मध्यस्थ केव्हातरी अडणारच.

पुढे 'मॅक्सिमा'चा पूर्वज असलेल्या 'मॅक्सिमा'पूर्व 'मॅक्सिमा'-घराण्यात, म्हणजे १९६८ मध्ये सुरू झालेल्या एम.आय.टी.च्या 'मॅकसिमा' प्रकल्पात, शाद्खेनला जागा मिळाली. रिचर्ड फेटमन यांनी तेथे वापरणाऱ्यालाच आपले नमुने आणि अटी सांगण्याची सोय केली. १९८८ मध्ये आलेल्या 'मॅथेमॅटिका'ने तर नमुना जुळवणे हाच भाषेचा कणा केला. जुन्या प्रकल्पाची एक आवृत्ती विल्यम शेल्टर यांनी जपली, १९९८ मध्ये ती खुली करण्याची परवानगी मिळवली, आणि तीच आजची मोफत 'मॅक्सिमा'.

आपली मुले आता एक कळ दाबून उत्तर दाखवतात. कौतुक जरूर करावे, पण एकदा विचारावे, "कोणत्या अटीवर?"