पगारी गडी : बाळू पालवणकर

खेळ खेळून पोट भरणे ही गोष्ट आज कोणाला नवलाची वाटत नाही. लिलावात खेळाडूंची बोली कोटींच्या घरात जाते आणि ती आपण घरी बसून कौतुकाने पाहतो. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी खेळाबद्दल पैसे घेणे हे जरा कमीपणाचे मानले जाई, आणि ज्या विलायतेकडून आपण हे खेळ घेतले तिथेच ही समजूत सर्वांत घट्ट होती. फुटबॉलमध्ये पगार घेण्यास इंग्लंडात 1885 साली मान्यता मिळाली. 1901 साली त्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची मर्यादा घातली गेली, आणि रक्कम वाढत गेली तरी मर्यादा म्हणून ती 1961 पर्यंत टिकली. क्रिकेटात तर प्रकार आणखी मासलेवाईक. तिथे ‘जंटलमन’ म्हणजे हौशी आणि ‘प्लेयर’ म्हणजे पगारी, अशा दोन जाती होत्या. कित्येक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे वेगळी. त्या दोन वर्गांचे आपसांतले सामने 1962 पर्यंत चालू होते. आम्ही ‘जाती’ हा शब्द सहज वापरला. पण ज्या माणसाची हकीकत आज सांगावयाची आहे, त्याच्या वाट्याला विलायतेची ही जात आणि आपल्याकडची जात अशा दोन्ही आल्या.

हा माणूस म्हणजे बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांत त्यांचे नाव ‘पी. बाळू’ असे सापडते. त्या ‘पी’मध्ये आपल्या कोकणातले पालवण हे गाव दडलेले आहे. आडनावात गाव जपणारे हे कुटुंब चांभार समाजातले. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बाळूंचा जन्म 1876च्या सुमारास धारवाडला झाला आणि बाळपण पुण्यात गेले. कोकणातली किती घरे पलटणीच्या नोकरीपायी अशी देशावर गेली, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगावयास नको. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ लष्करी साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर खेळ शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडावयाची, तिच्यावर रूळ फिरवावयाचा, आणि गरज पडली तर सभासदांना चेंडू टाकावयाचे. पगार महिना तीन रुपये. 1892च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये झाले. जाळी बांधणे, रेघा मारणे, टेनिसचे पट्टे आखणे ही कामे होतीच. पुढे एका गोऱ्या खेळाडूच्या लक्षात आले की हा मुलगा डाव्या हाताने चेंडू सुरेख वळवतो, आणि गोलंदाजी ही नोकरीचा भाग होऊन बसली. क्लबातला नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग सरावाला लवकर येई आणि तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर खेळे. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे असा त्याने बोलीचा दर ठेवला होता, असे सांगतात. म्हणजे महिन्यातून चार वेळा ग्रेगसाहेब बाद झाले तर दोन रुपये, अर्धा पगार वर! आम्हांस हा हिशेब फार बोलका वाटतो. असे कसदार शिक्षण पैसे देऊन विकत मिळाले नसते. बाळूंना ते पैसे घेऊन मिळाले. पण याच क्लबात इतकी वर्षे राबूनही हाती बॅट घेऊन खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची!

पुण्याच्या हिंदू क्लबापुढे तेव्हा पेच पडला. गोऱ्यांना हरवावयाचे तर बाळू हवेत, आणि बाळू तर अस्पृश्य. शेवटी व्यवहार जिंकला आणि त्यांना संघात घेतले. पण तो मैदानापुरताच. चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाई, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे; ते भांडे नंतर फेकून द्यावयाचे. जेवणाचे ताट वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवला, तरी बाळूंनी सात गडी बाद केले. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांच्या हस्ते त्यांना हार घालण्यात आला. एका दिवशी गळ्यात हार आणि एरवी हातात मातीचे भांडे, हे दोन्ही एकाच शहराने केले. आम्ही पुण्याला दोष देत नाही. त्या काळी रत्नागिरीत खेळते तर आमच्या आजोबा-पणजोबांनी तरी काय निराळे केले असते?

1896च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस गेले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ, असा तिथला क्रम. इथेही काही सभासदांनी कुरकुर केली, पण मुंबईचे वारे थोडे मोकळे होते. संघाबरोबर ते एका पंगतीस बसू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. हिंदूंच्या धावा 242 आणि 160, युरोपियनांच्या 191 आणि 102. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा, आणि धाकटे शिवरामही संघात होतेच. 1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी दौऱ्यात 114 गडी बाद केले, प्रत्येक गड्यामागे एकोणीसपेक्षा कमी धावा देऊन. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती, आणि ऐन उमेदीची वर्षे पूना क्लबाची खेळपट्टी झाडण्यात गेली होती.

एवढे झाल्यावर कर्णधारपद? इथेच खरी गोम आहे. कामाला बाळू, हुकमाला दुसरा. 1913 साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. पैंचा हा दिलदारपणा विसरता कामा नये. 1920 साली पै आजारी पडले तेव्हा बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद देवधरांकडे गेले. देवधर थोर फलंदाज, त्यांचा यात दोष नाही. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी पत्रक काढून संघ सोडला. आपल्या जातीमुळे हा अन्याय होतो आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. चार रुपये पगारावर खेळपट्टी झाडणाऱ्याच्या घरातून हा आवाज उठावा, याला आम्ही कोणत्याही बळींच्या आकड्याहून मोठे समजतो. पै बरे होऊन परतले, बाळू उपकर्णधार म्हणून संघात आले, आणि पै मधूनमधून मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंच्या शब्दावर संघ हलावा!

बाळूंचा खेळ त्यानंतर लवकरच थांबला. पहिल्या दर्जाच्या 33 सामन्यांत 179 गडी, असा हिशेब पुस्तकांत मिळतो. पूर्ण कर्णधारपद त्यांना मिळाले नाहीच. ते मिळाले धाकट्या विठ्ठलला, 1923 साली, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. इंग्लंडात विसाव्या शतकातला पहिला पगारी कर्णधार लेन हटन झाला तो 1952 साली. दोन्ही दारे वेगळी, त्यांची कुलपेही वेगळी. तरी मुंबईचे दार एकोणतीस वर्षे आधी उघडले, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

पुढे बाळू राजकारणात पडले. 1932च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, जन्म महूचा, वडील लष्करात. म्हणजे पलटणीमागे कोकणाबाहेर गेलेल्या दोन घरांतले दोन मुलगे समोरासमोर आले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1955च्या जुलै महिन्यात, मुंबईतच बाळूंचे निधन झाले.